चौथ्या प्रकरणातलं घर

प्रिय निखिल आणि अनघा,

निखिल, तुझं पत्र पोचलं. तुमच्या कॉलेजात धंदा शिकवताना चीनमधल्या कुणा प्राचीन सेनापतीचं युद्धाचं पुस्तक वाचायला लावतात आणि तुला ते फार गमतीचं वाटलं, असं तू लिहिलंस. मी पत्राची घडी घातली आणि उठून पुढच्या दाराची कडी लागली आहे का ते पाहून आले. सकाळचे दहा वाजले होते, अंगणात ऊन होतं, तरी पाहून आले. असं का केलं ते तुम्हा दोघांना सांगते.

तसलं पुस्तक वाचलेला एक माणूस मला माहीत होता. त्या पुस्तकावरच त्यांचं पोट चालत असे.

आमच्या राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी गुलबर्ग्याला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात, बीदरला. शनिवारी येत आणि सोमवारी पहाटे जात. शाळेसमोर स्टेशनरीचं एक दुकान होतं. त्याच्या माडीवर एके दिवशी पाटी लागली : म. वि. करजगीकर, मॅनेजमेंट कन्सल्टंट व लेखक. त्या वेळी गुलबर्ग्यात ही जात कुणी पाहिलेली नव्हती. दोघं-तिघं रक्तदाब तपासून घ्यायला माडी चढून आले, असं ऐकलं.

ते माझ्याकडे आले ते त्यांच्या पुस्तकाचं इंग्रजी तपासून घ्यायला. एक लहान पुस्तक त्यांनी मराठीत छापलं होतं, ते टपालानं विकत. आता मोठं, इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. पाचची वेळ ठरली होती. मी खिडकीतून सहज पाहिलं तर पावणेपाचलाच ते समोरच्या लिंबाखाली उभे होते आणि आमच्या घराकडे पाहत होते. कोण आत जातंय, कोण बाहेर येतंय, दूधवाला कुठल्या दारानं येतो. पाचच्या ठोक्याला त्यांनी कडी वाजवली.

ठेंगणे, सावळे, पांढरा बुशशर्ट. नजरेत भरत ते त्यांचे तपकिरी बूट. धुळीच्या गावात इतके चकचकीत बूट मी कलेक्टरच्याही पायात पाहिले नव्हते. आत येऊन त्यांनी चारही खुर्च्यांकडे पाहिलं, एक उचलून भिंतीला टेकवली आणि दाराकडे तोंड करून बसले. चहा आणला तर मी घोट घेईपर्यंत कपाला हात लावला नाही.

"सवय आहे, बाई," ते म्हणाले. "राग मानू नका."

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कशाला घाबरता?"

मी म्हणाले, "स्पेलिंगच्या चुकांना."

ते हसले नाहीत. खिशातून लग्नपत्रिकेचा अर्धा तुकडा काढून कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं त्यांनी ते लिहून घेतलं. जुन्या लग्नपत्रिका ते गावभरातून गोळा करत, कारण जाड असतात. एका बाजूला चिरंजीव आणि सौभाग्यकांक्षिणी, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी भीती. असे शेकडो तुकडे बुटांच्या खोक्यांत लावलेले होते, नावाच्या अक्षरांप्रमाणे. मला स्वतःला नीटनेटकेपणा आवडतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण ती खोकी पाहिली तेव्हा माझा तुकडा कुठल्या खोक्यात जाईल ते मी शोधायला लागले.

अफझलपूर तालुक्यातल्या करजगीच्या एका मास्तरांचे ते चिरंजीव. हैद्राबादला कारकुनी करताना फुटपाथवर त्यांना ते चिनी पुस्तक मिळालं, इंग्रजीत, पुठ्ठा फाटलेलं. चीनशी लढाई झाली तेव्हा असलं पुस्तक घरात असणं बरं नव्हतं. म्हणून त्यांनी त्याला खाकी कव्हर घातलं आणि वर लिहिलं : भूगोल, इयत्ता आठवी.

"कुणी उघडलं असतं तर?" मी विचारलं.

"भूगोल कोण उघडून बघतंय, बाई?"

त्यांचं म्हणणं साधं होतं. दुकान म्हणजे चौकी, गिऱ्हाईक म्हणजे मुलूख. समोरचा काय विकतो ते पाहत बसू नये, तो कशाला भितो ते शोधावं. आणि एक वाक्य ते नेहमी म्हणत, मोसंबं सोलता सोलता, साल न तुटू देता : "हरलेल्यानं आपले आभार मानले पाहिजेत. तोवर लढाई संपली नाही."

त्याचा अर्थ मला हणमंतरावांमुळे कळला. कोपऱ्यावर हणमंतरावांचं दुसरं स्टेशनरीचं दुकान होतं. माडीखालच्या दुकानदारानं करजगीकरांचा सल्ला घेतला. करजगीकर आठवडाभर हणमंतरावांकडून एकेक टाक विकत घेत राहिले आणि त्यांना कळलं, की या माणसाला कुणी रागावलेलं सोसत नाही. एवढंच त्यांना पुरलं. दुसऱ्या आठवड्यापासून हणमंतरावांकडे वस्तू परत यायला लागल्या. अर्धी शाई संपलेली बाटली, निब वाकलेलं पेन, चार पानं लिहिलेली वही. करजगीकरांनी पाठवलेला माणूस नुसता तोंड वाकडं करून उभा राही, आणि हणमंतराव नवी वस्तू काढून देत. पावसाळा संपेपर्यंत त्यांचं दुकान दुसऱ्यांच्या टाकाऊ मालानं भरलं आणि बंद झालं. मग खालच्या दुकानदारानं त्यांची कपाटं चांगल्या भावानं विकत घेतली. हणमंतराव पेढे घेऊन आले. मी शाळेच्या फाटकात उभी होते. त्यांनी त्या दुकानदारापुढे हात जोडले आणि म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून निभावलं." मी वर पाहिलं. माडीच्या खिडकीत करजगीकर उभे होते. हातात मोसंब्याची लांबच लांब, न तुटलेली साल.

तुम्ही म्हणाल, मग आजी तू काम का सोडलं नाहीस? मी शब्द दिला होता. एकही पान बाहेर जाऊ देणार नाही, असा. शिवाय, खरं सांगायचं तर त्यांचं लिखाण चांगलं होतं. भीती वाटावी इतकं स्वच्छ.

दर सोमवारी एक प्रकरण येई. मी लाल शाईनं तपासून शुक्रवारी परत देई. तीन प्रकरणं झाली. चौथ्यात एक चालू असलेली मोहीम होती. नावं नव्हती. नदीकाठचं देवस्थानाचं गाव. तिथं नवं लॉज बांधलेला एक मालक, आणि त्याच्या शेजारी एका विधवेचं अकरा खोल्यांचं जुनं घर, जे मालकाला वाढवण्यासाठी हवं आहे. मी स्वल्पविराम घालत पुढे गेले. विधवा पाहुण्यांची नावं लिहून ठेवत नाही, गावावरून ओळखते. तिची सगळी ताकद दोन माणसांत आहे, एक स्वयंपाकीण आणि एक हातगाडीवाला, जो मोटारस्टँडवरून यात्रेकरू आणतो. ती सकाळची पहिली भाकरी पितळी वाटीखाली झाकून ठेवते, दारात सर्वांत शेवटी येणाऱ्यासाठी.

माझा हात थांबला. पहिली भाकरी वाटीखाली झाकून ठेवणारी बाई मला एकच माहीत होती. तुमच्या आजोबांची थोरली बहीण, गाणगापूरच्या तुळसाक्का.

मी पुढे वाचलं. पायरी पहिली, घर जाणून घेणे : पूर्ण होत आली. पायरी दुसरी, स्वयंपाकीण व हातगाडीवाला काढून घेणे. पायरी तिसरी, मालकानं गोड वागणे. पायरी चौथी, दत्तजयंतीच्या दिवशी भर दुपारी, चूल थंड आणि दारात माणसं उभी असताना, विक्रीचा कागद पुढे करणे. खाली पेन्सिलीनं : ही बाई एकाच गोष्टीला घाबरते. दारातून कुणी उपाशी जाण्याला.

दत्तजयंतीला महिना होता. रविवारी मी तुमच्या आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, पुस्तक आहे ते. अशी घरं गाणगापुरात पन्नास असतील." आणि पेपर वाचायला लागले. मी दोनदा उठून मागचं दार पाहून आले.

बुधवारी रजा टाकून पहिल्या मोटारीनं गाणगापूरला गेले. तुम्ही लहानपणी एकदाच तिथं आला होतात, म्हणून सांगते. तिथं अशी श्रद्धा आहे, की रोज दुपारी दत्तमहाराज कुठलं तरी रूप घेऊन गावात भिक्षेला येतात. म्हणून दुपारी झोळी घेऊन जो दारात येईल त्याला माधुकरी वाढायची, नाव-गाव विचारायचं नाही. शिकलेले, पैसेवाले लोकही तिथं आले की पाच घरं मागून जेवतात. अक्का बारा वाजता दारात बसत, शेजारी परात.

मी आतल्या खोलीच्या दाराआड होते. रांग पुढे सरकत होती. एक म्हातारा, दोन बायका, उदगीरकडचा एक शिक्षक. मग धोतर नेसलेला, उघड्या अंगावर उपरणं घेतलेला, अनवाणी एक ठेंगणा माणूस. त्यानं झोळी पुढे केली. अक्कांनी अर्धी भाकरी आणि डाळ घातली. तो मान खाली घालून उभा राहिला, पण डोळे फिरत होते. चूल, पाण्याचे हंडे, खुंटीवरच्या किल्ल्या. किती किल्ल्या खुंटीवर, म्हणजे किती खोल्या रिकाम्या. मग करजगीकर पुढच्या घराकडे निघून गेले.

 परात रिकामी झाल्यावर मी अक्कांना सगळं सांगितलं. दिलेला शब्द मोडला. अक्का हात धूत होत्या.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या दिशीच वळकलं."

"कशावरून?"

"त्येचे पाय बघ की. घोट्यापतोर गोरे, वर काळे. मोज्याचा माणूस हाय त्यो. आन् जेवायलाय कुटं? नदीकडं जाऊन कुत्र्याला घालायलाय, म्हणं."

"मग तुम्ही त्याला वाढता कशाला?"

"बाराला आला म्हणून."

"अक्का, तो तुमचं घर घ्यायला आलाय."

"आसंल की. बाराला दारात उभारल्याला काय इचारू मी? दत्त हायस का न्हाईस?"

मी करजगीकरांच्या पुस्तकाची तीन प्रकरणं तपासून हुशार झाले होते. मी म्हणाले, "मग आपणही त्याला फसवू. उद्या त्याच्यासमोर मोठ्यानं बोला, की भाऊ दोन स्वयंपाकिणी पाठवतोय. किल्ल्या खुंटीवरून काढून ठेवा. त्याला खोटं दिसू दे."

अक्कांनी पदराला हात पुसले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की माझं मलाच वाईट वाटलं. "माधुकरीत खडे घालू व्हय, मालती? शाळंत ह्येच शिकवायलीस का पोरींना?"

पण त्यांना भीती वाटत नव्हती असं समजू नका. संध्याकाळच्या मोटारीला मला सोडायला आल्या तेव्हा माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता, की बांगडी रुतली. "चूल बंद पडाय नगं बग," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या पंधरवड्यात चौथं प्रकरण घडायला लागलं. स्वयंपाकीण भीमबाई हिच्या मुलाला नव्या लॉजमध्ये नोकरी लागली आणि भीमबाईला तिथल्या स्वयंपाकघरात. हातगाडीवाले महबूबचाचा अक्कांच्या दारात येऊन रडले. "अक्का, मेरेकू माफ करो. नई गाडी दिये उनो." अक्का म्हणाल्या, "जा बाबा, लेकरंबाळं हायती तुला." मग नव्या लॉजचे मालक चन्नप्पा नारळ आणि साडी घेऊन आले आणि अक्कांच्या पाया पडले. हे सगळं अक्कांच्या पत्रांतून मला कळे, आणि पत्र उघडण्याआधीच त्यात काय असेल ते मला माहीत असे. छापण्याआधी तपासलेल्या पुस्तकाप्रमाणे आयुष्य चाललेलं पाहणं फार भयंकर असतं.

प्रकरण मी शुक्रवारी परत दिलं नव्हतं. तीन शुक्रवार गेले. करजगीकरांनी दोनदा निरोप पाठवला. शेवटी मी सगळे स्वल्पविराम नीट घातले, आणि विधवेच्या घराच्या वर्णनाशेजारी समासात लाल शाईनं लिहिलं : हे घर माझ्या नणंदेचं आहे. तुम्हाला त्यांनी तिसऱ्याच दिवशी ओळखलं होतं.

ते त्याच दिवशी आले. लिंबाखाली थांबले नाहीत. सरळ आत आले आणि दाराकडे पाठ करून मधल्याच खुर्चीवर बसले. कागद हातात होते.

"तिसऱ्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी अठरा दिवस गेलो तिथं. खोटं काहीच दाखवलं नाही त्यांनी मला. सगळं खरं होतं. मी पडताळून पाहिलं."

"मी सुचवलं होतं. त्या नाही म्हणाल्या."

 चहा समोर आला तो त्यांनी माझ्या आधी पिऊन टाकला. मग म्हणाले, "बाई, समोरच्याला सगळं ठाऊक आहे आणि तरी तो दार उघडं ठेवतो, असं कुठल्याच प्रकरणात नाही. मला रात्री डोळे मिटता येणार नाहीत."

"मग थांबवा ना हे सगळं."

"माझ्या हातात नाही आता. चन्नप्पांकडे पूर्ण प्रत आहे. मी नाही गेलो तर दुसरा कुणी कागद घेऊन जाईल." दारात ते वळले.  "मीच जाईन. निदान मी मोठ्यानं बोलणार नाही."

दत्तजयंतीला मी आदल्या दिवशीच जाऊन राहिले. मी एम. ए. झालेली बाई, माझी भाकरी तव्यावर जाईपर्यंत तुटायची. अक्का एकट्या थापत होत्या आणि आठच्या सुमाराला त्यांच्या मनगटाला कळ लागली. हात वर होईना. परातीत पीठ तसंच पडून. बाहेर यात्रेकरू येत होते. महबूबचाचा नसताना चालत येत होते, वाट त्यांना तीस वर्षांची माहीत होती. मी चुलीपुढे बसले होते आणि जाळ मंद होताना पाहत होते. पायरी चौथी. चूल थंड आणि दारात माणसं.

एवढ्यात औरादजवळच्या संतपूरची एक बाई, दरवर्षी येणारी, आत डोकावली. "अक्का, भीमबाई कुटं हाय?"

"न्हाई आली."

"आन् ह्या कोण?"

"माजी भावजय. इंग्लिश शिकवती."

त्या बाईनं माझी तुटलेली भाकरी उचलून पाहिली. "दिसायलंय," ती म्हणाली. "सरका, मॅडम." आणि पदर खोचला. तिनं बाहेर हाक मारली तशा आणखी सात-आठ जणी आल्या. कुणी आपल्या गाठोड्यातला तवा काढला, कुणी अंगणात तीन दगड मांडले. पुरुष पाणी भरायला लागले. अक्कांना कोपऱ्यात बसवून कुणीतरी त्यांच्या मनगटाला तेल-हळद लावली. करजगीकरांनी अकरा खोल्या मोजल्या होत्या, किल्ल्या मोजल्या होत्या, नोकर मोजले होते. खोल्यांत उतरणाऱ्यांना त्यांनी गिऱ्हाईक या सदरात घातलं होतं.

बारा वाजता अक्का दारात बसल्या. उजवा हात फडक्यात बांधलेला, डाव्या हातानं वाढत होत्या. रांग नेहमीच्या तिप्पट होती. मी परातीकडे पाहत होते आणि रांगेकडे पाहत होते. अगदी शेवटी ते उभे होते. आज धोतर नव्हतं. बुशशर्ट, तपकिरी बूट, काखेत कातडी पिशवी. चौकात चन्नप्पांची दोन माणसं उभी राहून पाहत होती.

 एकेक माणूस वाढून घेऊन बाजूला झाला. करजगीकर पायरीशी आले. त्यांनी बूट काढले, शेजारी शेजारी नीट ठेवले. मग पिशवीतून स्टॅम्पपेपर काढला आणि दोन्ही हातांवर धरून पुढे केला. 

अक्कांनी वर पाहिलं. "आज लई उशीर केलास," त्या म्हणाल्या. "झोळी कुटं हाय? कागद आणलास व्हय? बरं केलंस, कालवण वलं हाय."

त्यांनी वाटी उचलली, खालची भाकरी काढली आणि त्या कागदावर ठेवली. वर डाळ वाढली. मिरचीचा गोळा ठेवला. तेल पसरत पसरत शिक्क्यापर्यंत गेलं.

"जेव आज," अक्का म्हणाल्या. "कुत्र्याला घालू नगंस."

ते मागे सरले. बूट घालायचं त्यांना सुचलं नाही. ते बूट अक्कांनी वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवले, न्यायला येईल म्हणून, आणि अक्का गेल्यानंतर घर ज्यांच्याकडे आहे त्यांनीही ते टाकलेले नाहीत. माडीवरची पाटी त्याच महिन्यात उतरली. मोठं पुस्तक छापलं गेलं का, मला कळलं नाही. चन्नप्पांनी पुढे दुसऱ्या बाजूला लॉज वाढवलं आणि भीमबाई वर्षभरात परत आली. पण ज्याला प्रत्येकाची भीती ठाऊक आहे असा कुणी तरी रस्त्यापलीकडच्या झाडाखाली उभा असेल, असं मला अजून वाटतं. म्हणून मी कडी पाहते. निखिल, तू परीक्षेपुरतं वाच आणि पास हो.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी, दाराच्या चौकटीतून. दोन्ही हातांवर तो कागद सांभाळत, अनवाणी, खडे चुकवत ते चौकाच्या मध्यापर्यंत गेले. चन्नप्पांची माणसं त्यांच्याकडे येत होती. करजगीकर तिथंच, भर रस्त्यात, कुठल्याही भिंतीला न टेकता, सगळ्या गावाकडे पाठ करून खाली बसले आणि त्यांनी पहिला घास मोडला.

तुमची,
आजी